पणजोबा फ्रान्सला लढले होते का? पदकावरून शोधायचं कसं

१४ जुलै २००९ ला पॅरिसच्या संचलनात भारतीय तुकडीच्या अग्रभागी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. कोकणातल्या माजी सैनिकाला त्याचा अभिमान वाटणारच. पण फ्रेंच भूमीशी आपलं नातं १९१४ च्या पहिल्या महायुद्धापासूनचं आहे आणि ते पुराव्यानिशी सांगता आलं पाहिजे.

आधी पेटीतली पदकं बघा. मुकुट आणि दोन तलवारी असलेला कांस्याचा तारा सापडला, तर मधल्या पट्टीवरचं साल वाचा. नुसतं १९१४ आणि त्याच्या वर-खाली ऑगस्ट-नोव्हेंबरची इंग्रजी लघुरूपं (AUG, NOV) असली, तर शोध जवळजवळ संपलाच. हा तारा ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्यांनाच मिळाला. १९१४-१५ असं कोरलेला तारा मात्र इतर आघाड्यांवरही दिला गेला. तेवढ्यावरून फ्रान्स ठरवू नका.

पदक आमसुलाने, चिंचेने किंवा राखेने अजिबात घासू नका. आंबटाने भांडं लखलखतं, पण घासून घासून पदकावरची अक्षरं झिजतात आणि गेलेली अक्षरं परत येत नाहीत. कोरड्या सुती फडक्याने हलकेच पुसा. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा, म्हणजे सावलीत अक्षरं उठून दिसतात. ताऱ्यावर नाव मागच्या बाजूला असतं, गोल पदकावर कडेवर. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं जसंच्या तसं उतरवा. राजाचं चित्र असलेलं ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी कांस्याचं निघालं, तर पणजोबा भिस्ती, आचारी किंवा हमाल असण्याची शक्यता मोठी. त्यात कमीपणा काहीच नाही, तेही त्याच आघाडीवर राबत होते.

आता पदकावरची पलटण फ्रान्सला होती का ते बघा. थर्ड सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे लष्करी इंजिनिअरांची पलटण, आजचे खडकीचे बॉम्बे सॅपर्स. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ व्या शीख पलटणीसोबत फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावावर हल्ला केला आणि फार माणसं गमावली. १०७ वी पायोनिअर्सही फ्रान्सला होती. पण १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढल्या. घरात ‘फ्रान्स’ सांगत आले असले आणि पदकावर यांतला आकडा असला, तर आधी तिकडचा शोध घ्या.

पणजोबा तिथेच पडले असतील, तर युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. जिवंत परतलेल्यांची नावं तिथे नसतात. आडनावाचं स्पेलिंग चुकीचं असू शकतं, म्हणून नंबर आणि पलटण टाकून बघा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ ला झाला, म्हणून मालवण-देवगडचा माणूस ‘रत्नागिरी’खाली मिळेल. सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं आणि रायगडचं नाव कुलाबा होतं. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं नव्ह शापेलच्या स्मारकावर आहेत.

पलटणीची रोजची हकिगत हवी असेल, तर ब्रिटिश नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या वॉर डायऱ्या पाहा. मालिका डब्ल्यूओ ९५ (WO 95). त्यांत साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण त्या दिवशी कंपनी कुठल्या खंदकात होती ते कळतं.

गावात फलक लावणार असाल, तर नंबर आणि पलटणीचं तेव्हाचं नाव पदकावर आहे तसंच कोरा, आजचं नाव खालच्या ओळीत.