सोआवे फ्रिजमधून थेट ग्लासात नको
गार्गानेगा ही इटलीत व्हेरोनाच्या पूर्वेकडे पिकणारी पांढऱ्या वाइनची जुनी द्राक्षजात. सोआवे या तिथल्याच पांढऱ्या वाइनमध्ये ती किमान 70 टक्के असावीच लागते. तिची खरी ओळख म्हणजे घोटाच्या शेवटी जिभेवर रेंगाळणारी बदामाची किंचित कडसर चव. 4-5 अंशांच्या फ्रिजमधून काढून वाइन लगेच ओतली, तर नेमकी हीच चव दबते आणि आंबटपणा तेवढा पुढे येतो. म्हणून बाटली 15-20 मिनिटं आधी बाहेर काढा (उन्हाळ्यात 10 पुरतात) आणि 10 ते 12 अंशांवर प्या. बर्फ मुळीच नको, वाइन पाणचट होते. लेबलवर ‘क्लासिको’ असेल तर द्राक्षं मूळच्या जुन्या पट्ट्यातली. थोडे जास्त पैसे तिथेच घालावेत. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसच.