प्लांटमध्ये इंजिनिअर म्हणून पाय कसे रोवायचे

डिग्री हातात पडली की आपल्या खानदेशातली पोरं थेट पुण्याची गाडी पकडतात, पण आधी आजूबाजूला बघा ना, दीपनगरचं थर्मल आहे, भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, जळगाव एमआयडीसीत पाइप, चटई, डाळ मिल, शिरपूरकडे सूतगिरण्या. शिकायला एवढं भरपूर आहे.

सुरुवात अप्रेंटिसपासून करा. डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्सचं, म्हणजे सरकारच्या अप्रेंटिस योजनेचं पोर्टल आहे, तिथे नाव नोंदवायचं, वर्षभर ट्रेनिंग आणि स्टायपेंड मिळतो. पुढे पर्मनंट करतीलच असं नाही, पण प्लांट आतून बघायला मिळतो.

आत गेल्यावर पहिला महिना लाइन ट्रेसिंग. पी अँड आयडी, म्हणजे पाइप, व्हॉल्व्ह आणि मीटर दाखवणारं ड्रॉइंग हातात घ्या आणि टाकीपासून शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत चालत जा, ड्रॉइंगमध्ये एक आणि जागेवर भलतंच असं हमखास सापडतं, ते लाल पेनाने मार्क करून ठेवा.

मग फिटर लोकांना धरून राहा, हे मी सगळ्यात जास्त सांगतो. मी नवीन असताना एक पंप आतून खडे फिरल्यासारखा वाजत होता, मी म्हटलं बेअरिंग गेलं आणि अख्खी शिफ्ट घालवून पंप खोलला तर बेअरिंग चकाचक! आमचे आप्पा, तीस वर्षं फिटर, संध्याकाळी आले, म्हणाले "मशीन बोलस, कान दे भाऊ" आणि सक्शनचा, म्हणजे पाणी ओढायच्या बाजूचा स्ट्रेनर (गाळणीची जाळी) काढून दाखवला, गाळाने गच्च. सक्शनला पाणी कमी पडलं की प्रेशर घसरतं, पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि इंपेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकावर फुटतात, तोच तो आवाज. ह्यालाच कॅव्हिटेशन म्हणतात, ते मी कॉलेजात पाठ केलं होतं, ऐकलं मात्र त्या दिवशी.

स्वतःची वही ठेवा, लॉगबुक वेगळं. बेअरिंगचं टेंपरेचर, मोटरचे अँपिअर, काय बिघडलं, का बिघडलं, किती वेळात चालू झालं, सगळं तारखेसकट.

परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी असल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. आयसोलेशनवर, म्हणजे मशीनची वीज तोडली तिथे स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात, आणि मशीन सुरू होत नाही ना, याची स्टार्ट बटण दाबून खात्री. प्रॉडक्शनवाले कितीही घाई करू देत, घरी आई वाट बघत असते.

दोन-तीन वर्षांनी एक दिशा पकडा. बॉयलरवर असाल तर बीओई (बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर), इलेक्ट्रिकलवाल्यांनी सुपरवायझर परवाना, नाहीतर बीईईची (केंद्राचं ऊर्जा बचतीचं ब्युरो) एनर्जी ऑडिटरची परीक्षा किंवा पीएलसी, म्हणजे मशीन आपोआप चालवणाऱ्या कंट्रोलरचं काम. प्रत्येकाला अनुभवाची अट वेगळी, नोटिफिकेशन नीट वाचा.

आणि प्रमोशन हवं असेल तर काम रुपयांत मांडायला शिका. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद, हवेची लाइन मात्र भरलेली ठेवा आणि कॉम्प्रेसर चालू करून घड्याळ लावा. समजा 2 मिनिटं लोड (हवा भरतोय) आणि 8 मिनिटं अनलोड (हवा न भरता नुसता फिरतोय) आला, म्हणजे 20 टक्के हवा नुसती गळतेय. 55 किलोवॅटचा कॉम्प्रेसर असेल तर ढोबळमानाने 11 किलोवॅट, 24 तास, 300 दिवस, म्हणजे 79,200 युनिट. 8 रुपये युनिट धरलं तरी सव्वासहा लाखांच्या वर जातं. साबणाचं पाणी घेऊन एकेक जॉइंट तपासा, गळती बंद करा, मग परत तेच घड्याळ लावा, आणि आधीचा-नंतरचा आकडा एका कागदावर लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवा, सोबत मदत केलेल्या फिटरचं नावही लिहा.