केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी जंतांची चौकशी कशी करावी

स्तनाच्या कर्करोगाचे निदान पक्के झाले की पहिल्या केमोपूर्वीचा आठवडा धावपळीत जातो. बायॉप्सीचा अहवाल, हॉर्मोन रिसेप्टर आणि हर-टूच्या तपासण्या, हृदयाचा टूडी एको, रक्ताचे कागद, आणि परळच्या कर्करोग रुग्णालयाच्या प्रत्येक फेरीबरोबर फुगत जाणारी फाइल. या फाइलमध्ये एका प्रश्नाचे उत्तर बहुधा नसते, कारण तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो: रुग्ण स्त्री आयुष्यात कधी शेतात, वाडीत किंवा परसात अनवाणी वावरली आहे का, आणि तेव्हा शरीरात शिरलेला एखादा परजीवी अजून तिथेच आहे का. या प्रश्नाचा निकाल डेक्सामेथासोनचा, म्हणजे केमोबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा, पहिला डोस जाण्यापूर्वी लावणे सर्वांत सोयीचे असते, म्हणून हे टिपण त्या आठवड्यासाठी लिहिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. जंतांमुळे स्तनाचा कर्करोग होतो, असे कोणी सांगितल्यास ते मनावर घेऊ नये. काही परजीवींमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे: आफ्रिकेत आढळणाऱ्या शिस्टोसोमाच्या एका जातीमुळे मूत्राशयाचा, आणि थायलंडकडे कच्च्या माशांतून पोटात जाणाऱ्या यकृतकृमीमुळे पित्तनलिकेचा. स्तनाचा कर्करोग त्या यादीत नाही.

तरीही दोहोंचा संबंध येतो, आणि तो प्रतिकारशक्तीच्या मार्गाने येतो. कृमी एवढा मोठा असतो की कोणतीही एक पेशी त्याला गिळू शकत नाही. त्यामुळे शरीर त्याच्याविरुद्ध वेगळी पद्धत वापरते, ज्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, आयजीई प्रतिद्रव्ये आणि इंटरल्युकिन-४, ५ व १३ हे रासायनिक निरोप कामाला लागतात. कर्करोगाच्या पेशी मारायला मात्र दुसरी पद्धत लागते, ज्यात सायटोटॉक्सिक टी पेशी आणि इंटरफेरॉन-गॅमा यांचा वाटा मोठा असतो. वर्षानुवर्षे आतड्यात राहणारा कृमी आपला जीव वाचावा म्हणून यजमानाच्या नियंत्रक, म्हणजे प्रतिकाराला आवर घालणाऱ्या, टी पेशी वाढवतो आणि एकूण प्रतिकार सौम्य करून ठेवतो. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या (दोन्ही हॉर्मोन रिसेप्टर आणि हर-टू नसलेल्या) स्तनाच्या कर्करोगात गाठीच्या आत शिरलेल्या लिम्फोसाइट या प्रतिकारक पांढऱ्या पेशी जितक्या जास्त, तितके रुग्णाचे भवितव्य सामान्यतः चांगले असते. त्यामुळे प्रतिकाराचा कल कोणत्या बाजूला आहे हा प्रश्न संशोधकांना महत्त्वाचा वाटतो. कुत्र्यांच्या आतड्यातील टॉक्सोकारा या गोलकृमीचा संसर्ग दिलेल्या उंदरांत स्तनाच्या गाठी अधिक मोठ्या झाल्या, तर मलेरियाच्या परजीवीचा संसर्ग झालेल्या उंदरांत फुप्फुसाच्या गाठींची वाढ मंदावली, असे प्रयोग प्रसिद्ध झाले आहेत. दोन परजीवी, दोन उलट परिणाम. म्हणून ‘संसर्गाने प्रतिकारशक्ती जागी होते’ किंवा ‘पोट साफ केले की गाठ आटोक्यात येते’ या दोन्ही वाक्यांवर कोणी उपचार बेतू नयेत. रुग्णाच्या दृष्टीने तातडीचा प्रश्न वेगळा आहे: औषधांनी प्रतिकारशक्ती दबल्यावर गप्प बसलेला परजीवी काय करतो.

येथे स्ट्राँगिलॉइडिस या सूत्रकृमीची ओळख करून घ्यावी लागते. त्याच्या अळ्या दमट मातीतून पायाच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात. इतर बहुतेक जंत काही वर्षांत मरून जातात, पण हा कृमी त्याच शरीरात आपला वंश पुढे चालवतो, त्यामुळे एकदा झालेला संसर्ग उपचारांशिवाय तीस-चाळीस वर्षेही टिकू शकतो. लहानपणी कोकणात भाताच्या खाचरांत चिखलणी-लावणी केलेली आणि लग्नानंतर लालबागच्या चाळीत आलेली स्त्री आज साठीत असली, तरी तिच्या बाबतीत हा प्रश्न गैरलागू ठरत नाही. एरवी तो त्रासही फारसा देत नाही. कधी पोटात मुरडा येतो, कधी अंगावर सरकत जाणारी खाजरी रेघ उमटते. मात्र स्टेरॉइड मिळाले की अळ्यांची संख्या बेसुमार वाढू शकते, त्या आतड्याची भिंत भेदून फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत जातात, आणि जाताना आतड्यातील जीवाणू रक्तात सोडतात. उपचारांना उशीर झाल्यास ही अवस्था बहुतेक वेळा प्राणघातक ठरते. स्तनाच्या कर्करोगाच्या केमोमध्ये उलटी थांबवण्यासाठी, तसेच पॅक्लिटॅक्सेल व डोसेटॅक्सेलपूर्वी रिॲक्शन येऊ नये म्हणून डेक्सामेथासोन दिले जाते, आणि पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम आवरताना तर स्टेरॉइडचे मोठे डोस द्यावे लागतात.

चौकशीची सुरुवात गप्पांनी करावी. गाव कोणते, शेतीकाम केले का, शौचाला उघड्यावर जावे लागत होते का, पायांना वारंवार खाज सुटत असे का, दम्याचे निदान उतारवयात अचानक झाले का, हे विचारून एका कागदावर लिहावे. हे प्रश्न सुनेने सासूला किंवा मुलाने आईला डॉक्टरांच्या केबिनबाहेर घाईत विचारण्याचे नाहीत. घरी, चहाच्या वेळी विचारले तर उत्तरे खरी येतात. गाव विदर्भातील गडचिरोली किंवा भंडाऱ्याकडचे, अथवा उत्तर प्रदेश-बिहारमधले असेल, तर हत्तीपायाचा, म्हणजे फायलेरियाचा, उल्लेखही त्यात असावा.

यानंतर सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, अहवाल काढावा. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट सगळेच पाहतात. इओसिनोफिलच्या ओळीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तिथे टक्केवारी छापलेली असते, पण उपयोगी पडते ती प्रत्यक्ष संख्या. एकूण पांढऱ्या पेशींना त्या टक्केवारीने गुणून शंभराने भागावे. पांढऱ्या पेशी 8,000 आणि इओसिनोफिल 9 टक्के असतील, तर संख्या 720 येते. ही संख्या 500 च्या वर असेल तर डॉक्टरांना ती मुद्दाम दाखवावी. दमा, ॲलर्जी आणि काही औषधांमुळेही ती वाढते, त्यामुळे केवळ आकडा पाहून जंतांचे निदान करू नये. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: स्टेरॉइडमुळे इओसिनोफिल झपाट्याने कमी होतात, म्हणून केमो सुरू झाल्यानंतरच्या अहवालातील शून्याला अर्थ नसतो. केमोपूर्वीचाच अहवाल ग्राह्य धरावा.

शौचाच्या तपासणीत एकाच डबीवर विसंबण्याची चूक सर्रास होते. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या दररोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी किमान तीन नमुने द्यावेत, तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावेत आणि फ्रिजमध्ये ठेवू नयेत. (सकाळच्या लोकलमध्ये ही डबी सांभाळत उभे राहणे अवघड असते, म्हणून या एका कामासाठी घराजवळची चांगली प्रयोगशाळा पुरते.) रक्तातील प्रतिद्रव्यांची एलायझा तपासणी अधिक भरवशाची असते, ती कोठे होईल हे ऑन्कॉलॉजिस्टना किंवा संसर्गरोगतज्ज्ञांना विचारावे. उपचार साधे आहेत: आयव्हरमेक्टिन, वजनाच्या प्रत्येक किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. पूर्वेतिहास ठळक असेल आणि अहवालासाठी थांबणे शक्य नसेल, तर तपासणीआधीच हे औषध देण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. या चौकशीपायी केमो आठवडेच्या आठवडे पुढे ढकलण्याचे कारण नाही. शाळांतून मिळते ती अल्बेंडाझोलची एक गोळी घेऊन हे काम झाले असे मात्र समजू नये, कारण या कृमीवर ती पुरेशी ठरत नाही.

कधी कधी परजीवी कर्करोगाचा भासही निर्माण करतात. फायलेरियाच्या कृमीमुळे स्तनात टणक गाठ होते आणि सुईच्या तपासणीत सूक्ष्म अळ्या दिसतात. फायलेरियाच्याच एका प्रकारात रात्रीचा कोरडा खोकला, फुप्फुसांच्या एक्स-रेवर बारीक ठिपके आणि 3,000 च्या वर इओसिनोफिल असे चित्र दिसते, आणि ते ठिपके पसरलेल्या कर्करोगाचे वाटून घरचे हादरून जातात. शस्त्रक्रियेनंतर हाताला येणारी सूज मात्र बहुतांशी काखेतील ग्रंथी काढल्यामुळे किंवा रेडिएशनमुळे असते. तिथे हत्तीपायाची औषधे घेण्यापेक्षा फिजिओथेरपिस्टकडे जावे.

केमो चालू असताना पावसाळा आला तर मलेरियाचा विचार करावाच लागतो. मुंबईत तो पसरवणारा अनॉफिलीस स्टिफेन्सी डास गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामांवर साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, त्यामुळे रुग्ण वरच्या मजल्यावर राहत असली तरी सोसायटीच्या टाक्यांची झाकणे स्वतः पाहून यावीत. ताप 100.4 अंश फॅरेनहाइटला पोहोचला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. पांढऱ्या पेशी कमी असताना जीवाणूंचा संसर्ग तासांत गंभीर होतो, म्हणून अँटिबायोटिक आधी सुरू होऊ द्यावे आणि त्याच वेळी मलेरियाचा स्मिअरही (काचपट्टीवरील रक्ताची तपासणी) मागावा. प्लेटलेट केमोनेही उतरतात आणि मलेरियानेही. कारण गृहीत धरू नये. मागील वर्षी व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया झाला होता का आणि चौदा दिवसांचा प्रिमाक्विनचा कोर्स पुरा केला होता का, हेही सांगावे, कारण यकृतात दडलेला हा परजीवी पुन्हा उठतो.

जुलाब लागल्यास ते थांबवणारे लोपेरामाइड घेण्यापूर्वी शौचाची तपासणी करून घ्यावी. अमिबाचा आजार स्टेरॉइडमुळे अतिशय बिघडू शकतो, आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरिनच्या थेंबांना दाद देत नाही. पाणी खळखळून उकळलेलेच हवे.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फेनबेंडाझोल (जनावरांचे जंतांवरचे औषध) आणि आयव्हरमेक्टिनच्या कर्करोगावरील ‘कोर्स’बद्दल थोडक्यात: स्तनाच्या कर्करोगावर त्यांचा उपयोग माणसांवरील चाचण्यांत सिद्ध झालेला नाही, आणि अल्बेंडाझोलच्या वर्गातली औषधे स्वतःच पांढऱ्या पेशी कमी करू शकतात. जंतांवरच्या लेव्हामिसोल या औषधाचा एकेकाळी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात खरोखर वापर झाला होता. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला उतरवणाऱ्या दुष्परिणामामुळे ते बदनाम झाले.

गावाचा कागद, केमोपूर्वीचा सीबीसी आणि शौचाचे व एलायझाचे अहवाल फाइलच्या पहिल्या प्लास्टिक पाकिटात ठेवावेत, म्हणजे रात्री कॅज्युअल्टीत बसलेल्या अनोळखी डॉक्टरांना ते लगेच सापडतील. आयव्हरमेक्टिन दिले असल्यास तारीख आणि डोस त्याच कागदावर लिहावा. काही आठवड्यांनी शौचाची तपासणी पुन्हा करावी. एलायझाचा आकडा उतरायला कित्येक महिने लागतात, तेव्हा लगेच काढलेला अहवाल पॉझिटिव्ह आला तर त्यावरून उपचार फसले असे ठरवू नये.