गुडघ्याच्या नोटमधले बुलेट मोजताना

मालाडच्या आमच्या मेडिकल कोडिंगच्या फ्लोअरवर अमेरिकन डॉक्टरांच्या नोट्स वाचून बिलाचे कोड ठरवले जातात. तिथे शिकाऊ मुलांची नवीन बॅच आली की मी पहिला चार्ट ऑर्थोचाच, म्हणजे हाडं-सांध्यांचाच उघडते. मी मूळची फिजिओथेरपिस्ट, सांध्यांशी जुनी ओळख. बॅचमधली बीएचएमएस, नर्सिंगवाली मुलंही हुशार असतात आणि तिथेच घोळ होतो. डॉक्टरांनी काय तपासलं असणार ते त्यांना कळतं, मग न लिहिलेलंही ती धरून चालतात.

आधी एक खुलासा. अमेरिकेत 2021 पासून ओपीडी व्हिजिटची लेव्हल, म्हणजे बिलाची पायरी, तपासणीवरून ठरत नाही. ती मेडिकल डिसिजन मेकिंगवरून, म्हणजे डॉक्टरांचा निर्णय किती गुंतागुंतीचा होता यावरून, किंवा वेळेवरून ठरते. 1997 च्या गाइडलाइन्समध्ये तपासणीच्या बाबी, म्हणजे बुलेट, मोजायचे असतात. त्या शिकायच्या त्या जुन्या तारखांच्या ऑडिटसाठी. शिवाय नोट काटेकोर वाचायची सवय त्यातूनच लागते, असं माझं मत.

आता ही सरावाची नोट बघा: 'उजवा गुडघा: थोडी सूज, आतल्या बाजूला दाबल्यावर दुखतं. हालचाल 0 ते 110 अंश. लॅकमन निगेटिव्ह. क्वाड्रिसेप्स 4/5. डावा गुडघा: हालचाल पूर्ण.'

सूज आणि दुखणं, दोन्ही मिळून एकच बुलेट, कारण बघणं आणि चाचपणं एकाच ओळीत येतं. इथे जवळजवळ प्रत्येक जण दोन मोजतो. हालचाल दुसरा, लॅकमन म्हणजे स्थिरता, तो तिसरा, क्वाड्रिसेप्सची, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूची, ताकद चौथा. डावा पाय हा वेगळा भाग, म्हणून त्याची हालचाल पाचवा. एक ते पाच बुलेट म्हणजे तपासणीची सगळ्यात खालची पायरी, प्रॉब्लेम फोकस्ड. 'लंगडत चालतात' एवढं जरी लिहिलं असतं तरी सहावा मिळून पुढची पायरी, एक्स्पांडेड, झाली असती. बीपी, नाडी, वजन हे तीन मिळून एकच बुलेट, हेही लक्षात असू द्या. त्यावरच्या डिटेल्डला 12 लागतात, पण डोळे आणि सायकियाट्रीला 9 पुरतात. सगळ्यात वरच्या कॉम्प्रिहेन्सिव्हचं गणित वेगळं: सांध्यांच्या तपासणीत शरीराच्या सहापैकी चार भागांत चारही गोष्टी (बघणं-चाचपणं, हालचाल, स्थिरता, ताकद) हव्यात, आणि बाकीचे रकाने आहेतच. ऑर्थोच्या घाईच्या ओपीडीत हे क्वचितच जमतं. तेव्हा असं बिल दिसलं की मी चहा बाजूला ठेवून वाचते.

तक्रार असलेल्या भागापुढे नुसतं 'ॲबनॉर्मल' लिहिलं असेल तर ते चालत नाही. काय बिघडलंय ते हवं. तक्रार नसलेल्या भागाला 'नॉर्मल' पुरतं.

टेम्प्लेटवर, म्हणजे नोटमधल्या आधीच तयार मजकुरावर, मात्र डोळे झाकून विश्वास नको. हिस्ट्रीत डावा डोळा कृत्रिम आणि तपासणीत 'दोन्ही बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात', असं दिसलं तर मोजणी थांबवा आणि डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, टाका. क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही. 'डावी बाहुली तपासली नव्हती ना?' असं विचारलंत तर ती मी परत पाठवणार. दोन्ही ओळी जशाच्या तशा उतरवा आणि खाली लिहा: 'डाव्या डोळ्याच्या तपासणीबद्दल कृपया खुलासा करावा.'