केळीच्या सोपटाची चांदणी: नाताळसाठी, घरच्या घरी

नाताळची ‘नैसर्गिक सजावट’ म्हटलं की देवदाराची फळं आणा, होलीच्या (काटेरी पानांच्या, लाल फळांच्या विलायती झाडाच्या) फांद्या आणा, असं हमखास सांगितलं जातं. जळगाव-धुळ्यात ती कुठून आणायची, आणि आणायचीच कशाला? डिसेंबर लागेपर्यंत रावेर-यावलकडे केळीच्या कांदेबागेची (पावसाळ्यानंतर लावलेल्या बागेची) कटाई झालेली किंवा चालू असते, कपाशीची वेचणी संपत आलेली असते, नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते. दारावर टांगायच्या चांदणीला याहून जास्त काही लागत नाही.

बुरडाकडून सारख्या लांबीच्या पाच कामट्या आणा, दीड-दीड फुटाच्या. पाच टोकांची चांदणी जुळवून टोकं सुती दोऱ्याने बांधा. मधे कामट्या जिथे एकमेकींवरून जातात तिथेही एकेक गाठ द्या.

आता सोपट, म्हणजे केळीच्या खांबावरचे थर. सगळं काम इथेच बिघडतं, म्हणून सावकाश वाचा.

सोपट बागेत उभ्या झाडावरच वाळलेलं घ्या. घड कापल्यावर खांब तसाही टाकायचा असतो, शेतकरी आनंदाने देतो. बाहेरचे तपकिरी थर हाताने सुटून येतात. हिरवा खांब चिरून सोपटं वाळवायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. त्यात पाणीच पाणी असतं; सोपटं आतल्या बाजूला वळतात, एकावर एक राहिली की बुरशी धरतात, आणि चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. दवाने काळे ठिपके पडलेलं सोपटही सोडून द्या. बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या फाडा. कात्री नको, रेषेने फाडलं की ते आपोआप सरळ जातं.

कोरडी पट्टी कामटीवर गुंडाळताना तडकते, म्हणून ती ओलवावी लागते. आणि बहुतेक जण ती बादलीत बुडवून ठेवतात. बुडवलेलं सोपट पाणी पिऊन फुगतं. त्या क्षणी गुंडाळी घट्ट आणि सुरेख दिसते, पण वाळताना सोपट आकसतं आणि दोन दिवसांत सगळे वेढे सैल होऊन कामटीवर फिरायला लागतात. मग लोक डिंक लावतात, गरम गोंदाची बंदूक आणतात. सोपटाच्या गुळगुळीत अंगावर गोंद नीट धरत नाही, सालीसारखा निघून येतो. या कामात गोंदाला जागाच नाही.

पट्ट्या ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी एक पट्टी बोटाभोवती वळवून पाहा. कटकट आवाज आला तर अजून कोरडी आहे, फडक्यावर पाणी शिंपडून तासभर थांबा. बोटाला पाणी लागलं तर जास्त ओली झाली, थोडा वेळ सावलीत पसरा. आवाज नाही आणि ओलही नाही, अशी पट्टी हवी. खानदेशात डिसेंबरची हवा कोरडी असते, म्हणून एका वेळी दोन-तीनच पट्ट्या बाहेर काढा, बाकीच्या फडक्यातच राहू द्या.

गुंडाळताना गुळगुळीत बाजू वर ठेवा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर चढला पाहिजे. पट्टी संपली की गाठ मारू नका. नवी पट्टी तीन बोटं आत दाबून तिच्यावरूनच पुढचे वेढे घ्या. टोकांवर मात्र आडवा-उभा फुलीचा वेढा द्या, कारण चांदणी सुटते ती टोकांपासून. शेवटचं टोक मागच्या तीन वेढ्यांखालून ओढून घ्या आणि चांदणी दिवसभर सावलीत टांगा. उन्हात ठेवली की सोपट ठिसूळ होतं.

मधल्या जागेत कपाशीची रिकामी बोंडं बांधा. कापूस निघाल्यावर उरलेल्या चार-पाच पाकळ्या म्हणजे आयत्या छोट्या चांदण्याच. कापसासकट बोंड घरात आणू नका. सरकीत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि तुमच्या घरातून पुढच्या हंगामात शेजारच्या शेतात पोचते. पांढरं हवंच असेल तर सरकी काढून नुसता कापूस पाकळ्यांत परत बसवा, पण मग मेणबत्ती आणि पणती त्या चांदणीपासून दूर ठेवा.

लाल रंगासाठी गुंजा वापरतात. दिसतात फार छान, पण बी विषारी असतं आणि नाताळात घरभर लहान मुलं असतात. आमच्या दारावर गुंज कधीच लागत नाही. देठासकट वाळलेल्या लाल मिरच्या तीन-तीनच्या झुबक्यात बांधा. रंग जानेवारीपर्यंत टिकतो. बांधून झालं की हात साबणाने धुवा, तोवर डोळ्यांना लावू नका.

नवापूरपासून भुसावळपर्यंत ख्रिस्ती घरांत आगमनकाळ (नाताळाआधीचे साधारण चार आठवडे) लागला की चांदणी वर जाते, तेव्हा सोपटं त्याआधीच गोळा करा. 6 जानेवारीला चांदणी उतरवली की मिरच्या आणि बोंडं काढून टाका, सांगाडा कोरड्या जागी टांगून ठेवा. कामट्या बरीच वर्षं चालतात. सोपट तेवढं दर वर्षी नवं गुंडाळायचं.