गोव्यात राज्यभरचा एलजीबीटीक्यू मेळावा घ्यायचाय? मग आधी शेवटच्या बसचा टाईम काढा

समलिंगी, ट्रान्सजेंडर, क्विअर अशा एलजीबीटीक्यू लोकांचा मेळावा घ्यायचा ठरला की पहिली चर्चा होते ती पाहुणे कोण आणि बॅनर कसला याची. आमचंही तसंच झालं होतं. पणजीत हॉल घेतला, संध्याकाळी सातपर्यंत कार्यक्रम ठेवला, आणि सांगेहून आलेला एक मुलगा चार वाजताच बॅग उचलून निघाला, कारण पुढे बस नव्हती आणि घरी तो इंटरव्ह्यूला जातो म्हणून सांगून आला होता. कायद्याचं सेशन साडेचारला होतं आणि तो आला होता त्याच्यासाठीच. त्यानंतर आम्ही एक ठरवून टाकलं, की आखणी करायची ती सगळ्यात लांबून, सगळ्यात गुपचूप येणाऱ्या माणसाला समोर ठेवून. बाकीचे कसेही येतात हो.

म्हणून पहिलं काम म्हणजे बाराही तालुक्यांच्या परतीच्या कदंबा (सरकारी) आणि प्रायव्हेट बसचे टाईम काढणे. काणकोण, सांगे, केपे, धारबांदोडा, सत्तरी, पेडणे, हे आधी बघा. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत गोवा सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे, लहान लहान म्हणतो पण बस बदलत बदलत यायचं तर अर्धा दिवस जातो. पेडणे आणि काणकोण दोन्हीकडे कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, तेही धरा. माझं मत विचाराल तर जागा फोंड्याला घ्यावी, उत्तर आणि दक्षिण गोव्याला मधली पडते. मेन सेशन दहाला सुरू आणि साडेतीनला बंद, ज्यांना थांबायचं त्यांच्यासाठी पुढे गप्पा, गाणी काय ते. येण्याजाण्याचे पैसे द्यायचे असतील तर पाकिटात रोख द्या, जीपेवर नको, कारण बऱ्याच जणांचा फोन घरी कोणतरी बघतं आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव तिथं दिसतं.

तारीख काढताना पंचांग आणि टुरिझम दोन्ही बघायला लागतात. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आसपास विचारच करू नका, शिगमो, कार्निव्हाल, जुन्या गोव्याचं फेस्त, नोव्हेंबरात इफ्फी हा सिनेमांचा महोत्सव, आणि डिसेंबर-जानेवारीत खोल्यांचे रेट परवडतच नाहीत. जून-जुलैत खोल्या स्वस्त असतात पण सत्तरीत पाऊस धरला की माणूस घरातून निघत नाही. फेब्रुवारीचा एखादा मधला रविवार, कार्निव्हाल टाळून, आम्हाला बरा पडला. गावच्या जत्रेच्या दिवशी मात्र घरून सुटका नाही, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी प्रत्येक तालुक्यातल्या एकाला तरी फोन करा.

आता हॉल. रवींद्र भवन, कला मंदिर असे सरकारी हॉल स्वस्त आणि चांगले असतात, पण तिथं बाजूला कोणाचा तरी नाटकाचा प्रयोग नाहीतर शाळेचं गॅदरिंग असतं आणि गेटवरच मावशी भेटते. गोव्यात हेच आहे, कोणीही कोणाचा तरी कोणतरी लागतो. तेव्हा दोन दारं असलेला हॉल बघा, बाहेरच्या बोर्डावर 'युवा प्रशिक्षण शिबिर' एवढंच लिहा, आणि हॉलवाल्याला मात्र खरं काय ते आधीच तोंडावर सांगा. आदल्या रात्री बुकिंग कॅन्सल झालेलं आम्ही भोगलंय, जागेचं नाव सांगत नाही, पण तेव्हापासून पावती, बुकिंगचं पत्र आणि दुसरी जागा हाताशी ठेवतो. टॉयलेटवर एक दिवसापुरता 'सगळ्यांसाठी' असा कागद लावायची परवानगीही तेव्हाच घ्या. आणि उघड्यावर कार्यक्रम असेल तर लाऊडस्पीकरची परवानगी वेगळी काढायला लागते, रात्री 10 नंतर तो बंदच करायचा.

नोंदणीच्या फॉर्मवर गावाचं नाव विचारू नका, तालुका पुरे. 'कोणत्या नावाने हाक मारू' हा पहिला प्रश्न, आणि फोन करायचा की फक्त मेसेज, तोही किती ते कितीच्या मध्ये, हा दुसरा. आपल्या भाषेत माणूस तोंड उघडला की 'आलो' का 'आले' ठरतंच, त्यातून सुटका नाही, त्यामुळे बिल्ल्यावर नावाखाली 'आलो' किंवा 'आले' लिहायला जागा ठेवा, कोणी 'आलो पण, आले पण' असं दोन्ही लिहिलं तरी ते तसंच राहू द्या. फोटो नको असेल त्यांना लाल फीत. फोटो काढणारा आपलाच एक माणूस, बाकी सगळ्यांचे फोन खिशात, आणि हे सुरुवातीला एकदा आणि जेवणानंतर परत एकदा माईकवरून सांगायचं. दुपारी काढलेला ग्रुप फोटो संध्याकाळी वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतो, आणि मग त्या पोराला रात्री घरात काय ऐकायला लागतं ते आपण बघायला जात नाही. पत्रकारांना बोलवायचं तर त्यांना शेवटी अर्धा तास द्या, तोही ज्यांनी स्वतःहून हो म्हटलंय तेवढ्यांबरोबरच.

भाषेचंही असंच. सासष्टीतला मुलगा रोमीत, म्हणजे रोमन लिपीतली कोकणी, वाचतो, डिचोलीतली मुलगी मराठीत, वास्को-झुवारीनगरकडचे बरेच जण कन्नड नाहीतर हिंदी बोलतात. ट्रेनर मुंबईहून आला आणि दिवसभर इंग्लिश झाडत राहिला तर अर्धा हॉल फक्त मान डोलावतो. पुण्यात 2002 ला सुरू झालेल्या समपथिक ट्रस्टने या विषयावर मराठीत काम केलंय, त्यांच्यासारख्यांकडचं मराठी साहित्य मागवा आणि कोकणीत आपणच बसून करा. समलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी, क्विअर, यातला कोणता शब्द कोणाला चालतो ते सकाळीच गोल करून विचारून घ्या, त्यात अर्धा तास जातो पण पुढची बरीच भांडणं वाचतात.

कायद्याच्या सेशनला सगळ्यात जास्त वेळ द्या, निदान दीड तास. 15 एप्रिल 2014 चा, ट्रान्सजेंडर व्यक्तींचे हक्क मान्य करणारा नालसा निकाल, 6 सप्टेंबर 2018 ला तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम 377 मधून प्रौढांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत तो निकाल, आणि 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने लग्नाच्या हक्काला नाही म्हटलं तो, एवढं वीस मिनिटांत होतं. 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यातली ओळखीच्या सर्टिफिकेटची पद्धत मात्र त्या आठवड्यात लागू असलेल्या नियमांवरूनच शिकवा, गेल्या वर्षीची स्लाईड परत लावू नका. मग रोजच्या उपयोगाचं घ्या. 28 ऑगस्ट 2024 च्या केंद्र सरकारच्या सूचनेप्रमाणे पार्टनरबरोबर जॉइंट खातं उघडायला आणि पार्टनरला नॉमिनी करायला बंदी नाही, तर बँकेत क्लार्कने नाही म्हटलं तर काय बोलायचं, हे दोघांना उभं करून नाटकासारखं करून घ्या. 'बरं करतो' म्हणणाऱ्या डॉक्टरांबद्दलही सांगा, 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने असल्या कन्व्हर्जन थेरपीला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही.

आणि इथं गोव्याचा वकीलच पाहिजे, बाहेरचा नको. का ते सांगते. बाहेरचा ट्रेनर सहज सांगून जातो की मृत्युपत्र करा, सगळं पार्टनरच्या नावावर. आपल्याकडे तसं होत नाही. आपल्या वारसा कायद्यात मुलं किंवा आईवडील असतील तर अर्धी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते, मृत्युपत्राने द्यायला उरते ती दुसरी अर्धी. वीस वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याला हे माहीत नसेल तर एक जण गेल्यावर दुसऱ्यावर घर सोडायची पाळी येते. दुसरं म्हणजे लग्न. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे सही दोनदा होते, आधी इराद्याची आणि मग काही दिवसांनी पक्की. घरच्यांनी जबरदस्तीने पहिली सही करायला नेलेल्या मुलीला वाटतं झालं, संपलं. संपलेलं नसतं, दुसऱ्या सहीआधी थांबता येतं, आणि त्या मधल्या दिवसांत फोन कोणाला करायचा हे तिला माहीत पाहिजे. तो नंबर कार्डावर छापून द्या, मोफत कायदे मदतीचा 15100, पोलीस 112, मानसिक आधाराला टेलिमानसचा 14416, एचआयव्हीच्या माहितीला 1097. कार्ड लहान, पाकिटात मावेल एवढं, आणि वर इंद्रधनुष्य नको.

दुपारनंतर अ‍ॅडव्होकसीचं, म्हणजे आमदारापुढे मागणी मांडायचं, सेशन. इथं मात्र गोवा लहान असल्याचा फायदाच आहे. विधानसभेत 40 आमदार, एका मतदारसंघात सरासरी पंचवीस-तीस हजार मतदार, आमदार बारशालाही येतो आणि मयतालाही. मुंबईत आमदाराला भेटायला महिना जातो, इथं रविवारी सकाळी त्याच्या घरी जाऊन बाल्कांवात (ओसरीवर) बसता येतं. पण जाणार कोण? जो उघड नाही त्याने अजिबात जायचं नाही. आई, बहीण, कॉलेजची टीचर, शेजारची बाय, यांनी जायचं, आणि म्हणून मेळाव्यात निदान पंधरा-वीस खुर्च्या घरच्यांसाठी ठेवायच्या. त्यांना तालुक्याप्रमाणे बसवा, एका कागदावर एकच मागणी लिहायला लावा, मराठी किंवा कोकणीत, जसं की आमच्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात स्टाफला ट्रेनिंग द्या, नाहीतर पोलीस स्टेशनवर तक्रार लिहून घेताना नाव आणि लिंग माणूस सांगेल तसं लिहा. दहा मागण्यांचं निवेदन आमदार सेक्रेटरीकडे देतो, एका मागणीवर तो 'बघूया' तरी म्हणतो, आणि त्या बघूयाच्या मागे लागता येतं.

घरच्यांसाठी वेगळी एक खोली आणि एक तास ठेवा, त्यात कार्यकर्ता बोलायला नको, दुसऱ्या आईनेच बोलावं. 'लोक कितें म्हणटले' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच, त्याला कायद्याचं उत्तर देऊ नका. ज्या आईने तो लोकांचा प्रश्न दोन वर्षं झेललाय तिला सांगू दे की पहिल्या चवथीला काय झालं आणि दुसऱ्या चवथीला काय. एखादा बाप म्हणतो आपल्यात असलं नसतं, तेव्हा कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्स यांची आठवण करून द्या, 2014 ला पद्मश्री मिळालेले, आणि आपण गे आहोत हे कधी लपवलं नाही. त्याला ते नाव माहीत असतं.

जेवणाचं पटकन सांगते, शिवराक (शाकाहारी) वेगळं, डाळभात-भाजी आणि माशाची कढी, सकाळी भाजी-पाव, दारू नाही. काही जणांची व्यसनातून सुटायची धडपड चालू असते आणि बऱ्याच जणी वासानेच निघून जातात. एक शांत खोली ठेवा, एक समुपदेशक दिवसभर तिथंच, कारण पहिल्यांदा आपल्यासारखी एवढी माणसं एकत्र बघितली की रडू येतं, आणि रडायला टॉयलेट सोडून दुसरी जागा पाहिजे.

परदेशी नागरिक असलेल्या मित्रांनी पैसे पाठवतो म्हटलं तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय संस्थेने घेऊ नयेत, हे खजिनदाराला आधीच सांगा.

साडेतीनला बंद केल्यावर प्रत्येक तालुक्याच्या माणसाने आपापल्या लोकांना बसपर्यंत सोडायचं, हॉलच्या दारातून नाही, स्टँडपर्यंत. रात्री सगळ्यांचे 'पोचलो', 'पोचले' आले की नाही बघायचं, ज्याचा आला नाही त्याला त्याने दिलेल्या वेळेतच मेसेज, घरी फोन अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी नोंदणीची यादी पुसून टाकायची, फक्त ज्यांनी परत कळवा म्हटलंय त्यांची ठेवायची. आणि पुढची लहान बैठक कुठल्या तालुक्यात ते तिथंच ठरवून सुटायचं. आमची पुढची सांगेला ठेवली, सकाळी साडेदहाला, म्हणजे त्या मुलाला यावेळी बस धरायलाच नको.