गावातल्या बांधकामासाठी सुरक्षा धोरण कसे लिहावे

शाळेची खोली असो वा पाण्याची टाकी, सुरक्षा धोरण कार्यालयात बसून लिहू नये. ठेकेदाराने मुकादम, मिस्त्री आणि रेजा (स्त्री मजूर) यांना बरोबर घेऊन आधी संपूर्ण साइट पायी फिरावी आणि जिथे माणूस पडू शकतो, गाडला जाऊ शकतो किंवा त्याला विजेचा धक्का बसू शकतो, ती प्रत्येक जागा टिपून घ्यावी. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालील नियमांनी ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लेखी धोरण सक्तीचे केले. परंतु माझ्या मते दहा माणसांच्या कामावरही ते हवेच, कारण तिथे देखरेख करणारा बहुधा कोणीच नसतो.

विदर्भात पहिले कलम खोदकामाचे असावे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि काल सरळ उभी असलेली चरीची भिंत आज अचानक ढासळते. म्हणून दीड मीटरहून खोल चरीला फळ्या-बल्ल्यांचा आधार द्यावा किंवा तिच्या बाजू उतरत्या कापाव्यात, उपसलेली माती काठावर टाकू नये, आत शिडी ठेवावी आणि पावसानंतर तपासणी झाल्याशिवाय कोणालाही खाली उतरवू नये, असे स्पष्ट लिहावे.

दुसरे कलम उन्हाचे. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी अकरा ते दुपारी चार काम बंद ठेवावे, सावली आणि पिण्याचे पाणी कामाजवळच असावे आणि नव्या मजुराला पहिले काही दिवस हलके काम द्यावे. कोणी बरळू लागल्यास किंवा भोवळ येऊन पडल्यास त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच १०८ ला फोन करावा.

परांचीला कठडा, उंचीवर सेफ्टी बेल्ट, प्रत्येकाला हेल्मेट आणि मिक्सरला अर्थिंग, हे नियम सर्वत्र सारखेच आहेत. विटांच्या चट्ट्यांत आणि फळ्यांखाली साप बसतात, हे मात्र आपल्याकडे वेगळे लिहावे लागते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचे अंतर आणि तिथे नेणाऱ्या गाडीवानाचा फोन नंबरही त्याच पानावर हवा.

‘काळजी घ्यावी’ असे मोघम वाक्य ठेवू नये. प्रत्येक कलमापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे. धोका दिसताच काम थांबवणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही, हेही त्यात असावे. मेळघाटातून आलेल्या मजुरांना ते कोरकूत समजावून सांगावे आणि नंतरच अंगठा घ्यावा. मृग लागण्यापूर्वी खोदकामाचे कलम सर्वांसमोर पुन्हा वाचावे.